गृहप्रयोगशाळेतील वापरलेली अतिजलद नेटवर्क कार्डे

शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी किंवा स्वतःचा डेटा स्वतःच सांभाळण्यासाठी घरीच उभारलेली सर्व्हर, साठवण-यंत्रे आणि स्विच यांची मांडणी म्हणजे गृहप्रयोगशाळा किंवा होम लॅब होय. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेली, १० ते ५६ गिगाबिट प्रति सेकंद वेगाची नेटवर्क कार्डे विकत घेऊन अशा मांडणीत बसवण्याची पद्धत संगणकाच्या हौशी अभ्यासकांत रूढ आहे. या कामी वापरल्या जाणाऱ्या कार्डांत मेलानॉक्स कंपनीची कनेक्टएक्स-३ ही मालिका विशेष परिचित असून प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचाच आधार घेतला आहे. अशी कार्डे मूळ किमतीच्या अल्पांशात मिळतात. मात्र कार्डावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळेल की नाही हे कार्डापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या साखळीवर, म्हणजे स्लॉट, फर्मवेअर, पोर्टची पद्धत, केबल, ड्रायव्हर आणि अखेरीस डिस्क यांवर अवलंबून असते. साखळीतील एक कडी जुळली नाही, तर कार्ड एकतर मुळीच चालत नाही किंवा कोणतीही तक्रार न करता निम्म्या वेगाने चालत राहते. यांपैकी दुसरी अवस्था ओळखणे अधिक कठीण असते.

पार्श्वभूमी

पिळाच्या तांब्याच्या तारांवरून १ गिगाबिट वेग देणारे इथरनेटचे मानक १९९९ मध्ये आले आणि पुढील सुमारे दोन दशके घरगुती संगणक त्याच वेगावर थांबले. डेटा सेंटरमध्ये मात्र १० गिगाबिट इथरनेटचे मानक २००२ मध्ये, तर ४० आणि १०० गिगाबिटचे मानक २०१० मध्ये निश्चित झाले. घरांसाठीचा मधला टप्पा, म्हणजे २.५ आणि ५ गिगाबिटचे मानक, २०१६ मध्ये आला. १ गिगाबिटच्या जोडणीवरून उपयुक्त माहिती सेकंदाला सुमारे ११८ मेगाबाइट जाते. आजची एकटी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचनात याहून अधिक वेग देते. १ टेराबाइटची प्रत १ गिगाबिटच्या जोडणीवरून दुसऱ्या यंत्रावर पाठवण्यास २ तास २० मिनिटे लागतात, तर १० गिगाबिटवरून, दोन्हीकडच्या डिस्क तेवढ्या वेगवान असतील तर, तेच काम १४ मिनिटांत होते. घरातील छायाचित्रे, चित्रफिती आणि आभासी संगणकांच्या संचिका यांची राखीव प्रत रोज घेतली जाईल की ते काम उद्यावर ढकलले जाईल, हे बरेचदा या फरकावर ठरते.

मेलानॉक्स ही कंपनी १९९९ मध्ये इस्रायलमध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य क्षेत्र इन्फिनिबँड हे होते. महासंगणकातील शेकडो किंवा हजारो संगणक अत्यल्प विलंबाने एकमेकांना जोडणारे हे तंत्र असून त्याच्या विनिर्देशाची पहिली आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. कनेक्टएक्स-३ ही मालिका २०११ मध्ये जाहीर झाली. तिच्यातील वरच्या श्रेणीची कार्डे ५६ गिगाबिट वेगाचे, एफडीआर नावाने ओळखले जाणारे इन्फिनिबँड आणि ४० गिगाबिट इथरनेट या दोन्ही पद्धतींनी चालतात. एफडीआर हे त्या काळातील महासंगणकांचे प्रचलित तंत्र होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने २०१३ मध्ये कार्यान्वित केलेल्या परम युवा-२ या महासंगणकातील जोडणीही एफडीआर इन्फिनिबँडचीच होती. मेलानॉक्स २०२० मध्ये एनव्हीडिया कंपनीच्या मालकीची झाली.

डेटा सेंटरमधील सर्व्हर काही वर्षांच्या ठराविक चक्राने बदलले जातात. २५ आणि १०० गिगाबिटची कार्डे आल्यावर ४० गिगाबिटच्या कार्डांना तेथे गिऱ्हाईक उरले नाही. उत्पादकाचा आधार संपलेले यंत्र कोणताही व्यवसाय सहसा वापरात ठेवत नाही. किंमत उतरते ती या कारणाने. कार्ड झिजल्यामुळे नव्हे. या कार्डांत हलणारे भाग नसतात, त्यामुळे दहा वर्षे चाललेले कार्ड आणखी काही वर्षे चालण्याचा संभव चांगला असतो.

कार्डाची ओळख

कनेक्टएक्स-३ कार्डाचा प्रकार त्याच्या क्रमांकावरून कळतो. एमसीएक्स३११ए या कार्डावर एसएफपी-प्लस जातीचा एक, तर एमसीएक्स३१२ए वर तसे दोन पोर्ट असतात. ही दोन्ही केवळ १० गिगाबिट इथरनेटची कार्डे आहेत. एमसीएक्स३५३ए वर क्यूएसएफपी जातीचा एक आणि एमसीएक्स३५४ए वर तसे दोन पोर्ट असतात आणि ती दोन्ही पद्धतींनी चालतात. क्रमांकाच्या शेवटी येणारी अक्षरेही महत्त्वाची असतात. एफसीबीटी असल्यास ५६ गिगाबिट इन्फिनिबँड व ४० गिगाबिट इथरनेट मिळते. क्यूसीबीटी असल्यास ४० गिगाबिट इन्फिनिबँड मिळते, परंतु इथरनेट मात्र १० गिगाबिटचेच. विक्रेत्याच्या वर्णनात नुसते ‘४० गिगाबिट’ लिहिलेले असले तर ते या दोहोंपैकी कोणत्याही कार्डाला लागू पडू शकते आणि खरेदीतील पहिली फसगत येथेच होते. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. विकणाऱ्यालाही बहुधा हा भेद ठाऊक नसतो.

हीच कार्डे एचपी, डेल, आयबीएम आदी कंपन्यांनी आपापल्या नावाने आणि आपापल्या क्रमांकाने विकली. त्यांतील चिप मेलानॉक्सचीच असते, परंतु फर्मवेअर त्या त्या कंपनीचे असते. काही कार्डांचा तर आकारच निराळा असतो. एचपीच्या फ्लेक्सिबल-लॉम किंवा ओसीपी पद्धतीची मेझानीन कार्डे केवळ ठराविक सर्व्हरमध्येच बसतात. ती विलक्षण स्वस्त दिसतात याचे कारण हेच असून घरगुती मदरबोर्डवर ती लावता येत नाहीत. कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी पूर्ण उंचीची आहे की बुटकी, हेही पाहावे लागते. पट्टी चुकीची आली तर कार्ड चालते, पण पेटीत स्क्रूने घट्ट बसत नाही आणि जाड केबलच्या ओढीने स्लॉटमध्ये कलते.

१० गिगाबिटपुरते काम असेल तर इंटेलचे एक्स५२० हे कार्ड हा दुसरा परिचित पर्याय होय. त्यावर ८२५९९ ही चिप असते. त्याचा लिनक्समधील ड्रायव्हर इंटेलची मान्यता नसलेले एसएफपी-प्लस मॉड्यूल सहसा नाकारतो. ड्रायव्हर सुरू होताना तशी परवानगी देणारा पर्याय द्यावा लागतो. इंटेलच्या कार्डांच्या बनावट प्रतीही बाजारात आढळतात, म्हणून लेबल नसलेल्या व संशयास्पद रीतीने कोऱ्या दिसणाऱ्या ‘जुन्या’ कार्डाबाबत सावध राहणे इष्ट.

स्लॉट आणि मार्गिका

नेटवर्क कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातील देवाणघेवाण पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिकांवरून होते. कनेक्टएक्स-३ हे तिसऱ्या पिढीच्या ८ मार्गिकांचे कार्ड आहे. अशा ८ मार्गिकांवरून एका दिशेने सुमारे ६३ गिगाबिट प्रति सेकंद जाऊ शकतात. म्हणजे ४० गिगाबिटचा एक पोर्ट पूर्ण वेगाने चालतो; दोन्ही पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने कधीच चालू शकत नाहीत. दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर हीच मर्यादा ३२ गिगाबिटवर येते. तिसऱ्या पिढीचा स्लॉट असूनही त्यात केवळ ४ मार्गिका असतील तर ती ३१.५ गिगाबिट होते आणि पॅकेटांच्या शीर्षांचा भार वजा जाता हाती येणारा वेग त्याहूनही कमी असतो.

घरगुती मदरबोर्डवर ही अडचण नेहमीची आहे. प्रोसेसरकडून येणाऱ्या १६ मार्गिका ग्राफिक्स कार्डासाठी राखलेल्या असतात. खालचा लांब स्लॉट दिसायला १६ मार्गिकांचा असला तरी त्यात प्रत्यक्षात अनेकदा ४ मार्गिकाच जोडलेल्या असतात आणि त्याही चिपसेटमार्फत, म्हणजे साठवण व यूएसबी यांच्याशी वाटून घेतलेल्या. कोणत्या स्लॉटमध्ये किती मार्गिका आहेत हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष जुळलेली अवस्था या दोन्ही दाखवते. या दोन आकड्यांत तफावत असेल तर पुढील कोणतीही जुळवाजुळव करण्याआधी तीच दूर करावी. मार्गिका अपुऱ्या असल्यास मेलानॉक्सचा ड्रायव्हर सुरू होतानाच तशी नोंद करतो. ४ मार्गिकांच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवले तर ६३ ऐवजी ३१.५ गिगाबिटच उपलब्ध असल्याचे त्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले असते. ती सहसा कोणी वाचत नाही, एवढेच. १० गिगाबिटच्या एका पोर्टसाठी मात्र ४ मार्गिका पुरून उरतात. ज्याला तेवढ्याच वेगाची गरज आहे त्याने ४० गिगाबिटच्या मागे लागून ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट अडवण्याचे कारण नाही.

फर्मवेअर

जुन्या कार्डावरील फर्मवेअर बहुधा आधीच्या मालकाने शेवटचे बदलले त्या वेळचे असते. कनेक्टएक्स-३ साठीची अखेरची सर्वसाधारण आवृत्ती २.४२.५००० ही होय. फर्मवेअर वाचणे आणि लिहिणे यांसाठी फ्लिंट हे साधन असून त्याची मुक्त आवृत्ती एमएसटीफ्लिंट या नावाने लिनक्सच्या बहुतेक वितरणांत मिळते. कार्ड कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलचे आहे हे पीएसआयडी या ओळख-संकेतावरून ठरते. फर्मवेअरच्या संचिकेतील पीएसआयडी आणि कार्डावरील पीएसआयडी जुळले नाहीत, तर फ्लिंट लिहिण्यास नकार देते.

हा नकार डावलण्याची सोय साधनात आहे. तिचा उपयोग करून दुसऱ्या कंपनीच्या नावाच्या कार्डावर मेलानॉक्सचे मूळ फर्मवेअर चढवले जाते. क्यूसीबीटी कार्डावर एफसीबीटीचे फर्मवेअर चढवून इथरनेटचा वेग १० वरून ४० गिगाबिट करण्याचा प्रघातही याच मार्गाने पडला. यात जोखीम आहे. आधी कार्डावरील सध्याच्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवणे आणि कार्डाचा जीयूआयडी व मॅक पत्ता लिहून ठेवणे आवश्यक असते. लिहिताना हे पत्ते संचिकेतून घेतले गेले, तर एकाच संचिकेपासून तयार केलेल्या दोन कार्डांना एकच पत्ता मिळतो. मग दोन्ही कार्डे सुटी तपासली असता निर्दोष आणि एकत्र जोडली असता लहरी वागणारी ठरतात. लेखन मध्येच खंडित झाल्यास कार्ड निकामी होऊ नये अशी तजवीज फर्मवेअरच्या रचनेत असते, तरीही वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी हे काम करू नये.

फर्मवेअर नव्याने लिहिण्यास आणखी एक कारण आहे व त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता संगणकाच्या स्मृतीत थेट वाचन-लेखन करू शकते. त्याचा वेग त्यावरच अवलंबून असतो. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या कार्डावर कोणती आज्ञावली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतलेली संचिका लिहिणे आणि एमएलएक्सकॉन्फिग या साधनाने आधीच्या मालकाने केलेल्या सर्व जुळण्या पूर्ववत करणे, ही दोन कामे कार्ड चालत असले तरी करावीत. जेथे घरातील सर्व खासगी कागदपत्रे साठवलेली आहेत त्या यंत्राच्या बाबतीत तर हे टाळूच नये.

इन्फिनिबँड की इथरनेट

दोन कार्डे आली, केबल जोडली, पोर्टवरील दिवा लागला, तरी संगणकात नेटवर्कचे नवे उपकरण दिसत नाही, हा अनुभव कनेक्टएक्स-३ च्या बाबतीत सर्वांत जास्त येतो. कारण साधे असते: पोर्ट इन्फिनिबँड पद्धतीवर असतो. क्यूएसएफपी पोर्टच्या कार्डांत प्रत्येक पोर्टची पद्धत फर्मवेअरमध्ये नोंदलेली असते. एमएलएक्सकॉन्फिगमध्ये १ हा आकडा इन्फिनिबँडसाठी, २ इथरनेटसाठी आणि ३ आपोआप ओळखण्यासाठी आहे. दोन्ही पोर्टांना २ हा आकडा देऊन संगणक पुन्हा सुरू केला की लिनक्समध्ये साधी इथरनेट उपकरणे दिसू लागतात.

काही जण इन्फिनिबँडच ठेवणे पसंत करतात. जुने इन्फिनिबँड स्विच अतिशय स्वस्त मिळतात आणि वेगाचा आकडाही मोठा दिसतो. तो आकडा मात्र समजून घ्यावा लागतो. क्यूडीआर पिढीच्या इन्फिनिबँडला ४० गिगाबिट म्हटले जाते; पण त्यात दर ८ बिटांसाठी १० बिट तारेवर पाठवले जातात, म्हणून उपयुक्त वेग ३२ गिगाबिटच उरतो. एफडीआरमध्ये हे प्रमाण ६४ ला ६६ असे सुधारले. त्यामुळे ५६ गिगाबिटमधील सुमारे ५४.५ गिगाबिट उपयोगी पडतात.

इन्फिनिबँडचे जाळे इथरनेटप्रमाणे आपोआप उभे राहत नाही. जाळ्यातील प्रत्येक पोर्टला पत्ता देणारी आणि मार्ग ठरवणारी सबनेट मॅनेजर नावाची आज्ञावली कोठेतरी चालू असावी लागते. काही स्विचमध्ये ती अंगभूत असते. दोन संगणक थेट केबलने जोडले असतील, तर त्यांपैकी एकावर ओपनएसएम ही मुक्त आज्ञावली चालवावी लागते. आयबीस्टॅट या आज्ञेने पोर्टची अवस्था दिसते. भौतिक जोडणी झालेली असूनही अवस्था ‘इनिशियलायझिंग’ येथेच अडकली असेल, तर सबनेट मॅनेजर चालू नाही असे समजावे. भौतिक अवस्था ‘पोलिंग’ असेल, तर दोष केबलमध्ये किंवा पलीकडच्या पोर्टमध्ये असतो. एवढा भेद माहीत असला तरी शोधाशोधीचे काही तास वाचतात.

इन्फिनिबँडवरून नेहमीचे आयपी पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीला आयपी-ओव्हर-इन्फिनिबँड म्हणतात. दोन संगणकांत संचिका पाठवण्यापुरती ती पुरेशी असते. तिची खरी मर्यादा आभासी संगणक चालवू लागल्यावर जाणवते. गृहप्रयोगशाळेत आभासी संगणक सहसा ब्रिजमार्फत नेटवर्कला जोडलेले असतात आणि ब्रिजला इथरनेटच्या फ्रेम लागतात. इन्फिनिबँडवर त्या नसतात, म्हणून हे उपकरण साध्या ब्रिजमध्ये घालता येत नाही. मार्ग काढता येतात, परंतु ते सगळे आडवळणाचे आहेत. ज्याला इन्फिनिबँड हाच अभ्यासविषय आहे, उदाहरणार्थ महासंगणकाच्या क्षेत्रात काम करू इच्छिणारा विद्यार्थी, त्याच्यासाठी हा खटाटोप हेच शिक्षण होय. ज्याला केवळ राखीव प्रती वेगाने घ्यायच्या आहेत त्याने पोर्ट इथरनेटवर आणावा.

रिमोट डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याच्या स्मृतीत थेट वाचन-लेखन करण्याचे तंत्र, इथरनेटवरही रोसी या नावाने वापरता येते. त्याची आयपीवरून मार्गस्थ होणारी दुसरी आवृत्ती साध्या कनेक्टएक्स-३ मध्ये नाही. ती कनेक्टएक्स-३ प्रो पासून पुढे मिळते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून संचिका-वाटपासाठी असलेली एसएमबी डायरेक्ट ही सोय याच तंत्रावर आधारलेली आहे.

केबल आणि मॉड्यूल

एकाच खोलीतील, एकाच मांडणीवरील यंत्रांसाठी दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तांब्याची तयार केबल हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. तिला डॅक म्हणतात. ती वेगळी वीज जवळजवळ घेत नाही आणि तापत नाही. पण ती जाड व ताठ असते आणि काही मीटरांपलीकडे चालत नाही. दुसऱ्या खोलीत जायचे असल्यास प्रकाशतंतू घ्यावा लागतो. १० गिगाबिटचे एसआर जातीचे मॉड्यूल ओएम३ प्रतीच्या तंतूवर ३०० मीटरपर्यंत चालते आणि त्याला दोन तंतू पुरतात. ४० गिगाबिटच्या एसआर४ मॉड्यूलला मात्र ८ तंतूंची, एमपीओ जोडणीची केबल लागते आणि त्याच प्रतीच्या तंतूवर ते १०० मीटरपर्यंतच पोहोचते. भिंतीतून तंतू ओढण्यापूर्वी हा फरक विचारात घेतला नाही तर पुढे तोच तंतू निरुपयोगी ठरतो.

क्यूएसएफपी पोर्टमध्ये छोटे एसएफपी-प्लस मॉड्यूल बसवून देणारा जोडखंड मिळतो; त्यामुळे ४० गिगाबिटचे कार्ड १० गिगाबिटच्या स्विचला जोडता येते. एकाची चार टोके होणारी केबल मात्र स्विचसाठी असते. ती कनेक्टएक्स-३ कार्डात लावली म्हणून कार्डाचे चार स्वतंत्र पोर्ट होत नाहीत. घरात आधीच असलेल्या कॅट-६ए तारा वापरण्यासाठी एसएफपी-प्लस पोर्टमध्ये बसणारी आरजे-४५ मॉड्यूलेही मिळतात, परंतु ती बरीच तापतात.

केबल किंचित सदोष असेल तर जोडणी तुटत नाही, काही फ्रेम बाद होत राहतात आणि वेग कारणावाचून घसरतो. एथटूल या आज्ञेने दिसणारे त्रुटींचे आकडे कार्ड बसवल्यावर एकदा आणि मोठी प्रत पाठवल्यावर पुन्हा पाहावेत. ते वाढत असतील तर आधी केबल बदलून पाहावी.

उष्णता

सर्व्हरच्या पेटीत पुढून मागे सतत जोराचा वारा वाहत असतो आणि ही कार्डे त्या गृहीतकावर घडवलेली आहेत. त्यांवर उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, पण पंखा नसतो. घरगुती पेटीत तळच्या स्लॉटजवळ हवा जवळजवळ स्थिर असते. कार्ड मोकळे असताना ते बरे चालते. मोठी प्रत सुरू होऊन अर्धा तास झाला की तापून जोडणी सोडते. रात्री आपोआप चालणारी राखीव प्रत अर्धवट राहण्यामागे हे कारण असू शकते. अशा कार्डांसाठी सभोवतालच्या हवेचे तापमान ५५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. पण ती हवा खोलीतली नव्हे, पेटीतली, आणि तीही वाहती. विदर्भातल्या मे महिन्यात हा हिशेब फारसा दिलासादायक राहत नाही. कार्डाच्या पट्ट्यांकडे तोंड करून लावलेला एक लहान, संथ पंखा हा यावरचा पुरेसा उपाय आहे. चिपचे तापमान मेलानॉक्सच्या साधनांतूनच वाचता येते.

पत्ते आणि फ्रेमचा आकार

दोनच यंत्रे जोडायची असतील तर स्विचची गरज नाही. एका कार्डापासून दुसऱ्यापर्यंत थेट केबल लावता येते. या जोडणीला घरातील नेहमीच्या जाळ्याहून निराळ्या गटातील आयपी पत्ते द्यावे लागतात आणि गेटवेची जागा रिकामी ठेवावी लागते. दोन्ही जोडण्यांना एकाच गटातील पत्ते दिले, तर संगणक संचिका जुन्या १ गिगाबिटच्या मार्गानेच पाठवू शकतो, आणि मग कार्ड निरुपयोगी असल्याचा गैरसमज होतो. संचिका-वाटप करणाऱ्या यंत्राचा नवा पत्ता वापरूनच त्याच्याशी जोडणी करावी लागते, ही साधी गोष्टही प्रारंभी सुटून जाते.

इथरनेटच्या फ्रेममधील माहितीची नेहमीची मर्यादा १५०० बाइट असते. १० गिगाबिटची जोडणी पूर्ण भरली तर प्रत्येक सेकंदाला सुमारे ८,१२,००० फ्रेम हाताळाव्या लागतात. ही मर्यादा ९००० बाइट केली की हीच संख्या सुमारे १,३८,००० वर येते आणि उपयुक्त माहितीचे प्रमाण ९४ टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर जाते. प्रोसेसर जुना असेल तर हा फरक जाणवतो. नव्या प्रोसेसरवर, कार्डच बरेचसे काम स्वतःकडे घेत असल्याने, तो अनेकदा नगण्य असतो. मर्यादा वाढवायची तर दोन्ही संगणकांवर आणि मधल्या स्विचवरही वाढवावी लागते. एक ठिकाण राहिले तर लक्षण विचित्र दिसते: पिंग जाते, दूरस्थ प्रवेशही होतो, परंतु मोठी संचिका पाठवताच सर्व ठप्प होते. तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचे पिंग पाठवले आणि त्याला उत्तर आले, तर मार्ग ९००० बाइटसाठी सिद्ध आहे असे समजते. शीर्षांचे २८ बाइट मिळवले की ९००० भरतात.

वेगाचे मापन

मापनाची सुरुवात डिस्कचा संबंध न आणता करावी. आयपर्फ३ हे साधन एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती पाठवून केवळ नेटवर्कचा वेग मोजते. १० गिगाबिटवर ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा आला तर नेटवर्क निर्दोष आहे असे मानावे. ४० गिगाबिटवर एकाच प्रवाहाने पूर्ण वेग क्वचितच भरतो, कारण प्रोसेसरचा एक गाभा त्याला पुरा पडत नाही. त्यासाठी अनेक प्रवाह लागतात. २०२३ मध्ये आलेल्या ३.१६ आवृत्तीपूर्वी आयपर्फ३ अनेक प्रवाहही एकाच गाभ्यावर चालवत असे. त्यामुळे जुन्या आवृत्तीने घेतलेली मापने कार्डाची मर्यादा दाखवत नाहीत. ती त्या साधनाचीच मर्यादा दाखवतात.

यानंतर संचिका पाठवून पाहावी. पहिल्या काही सेकंदांत वेग सेकंदाला १ गिगाबाइटच्या वर जातो आणि मग एकाएकी दोनशे मेगाबाइटवर कोसळतो, असे चित्र दिसले तर नेटवर्कमध्ये बिघाड नसतो. आरंभी माहिती पलीकडच्या यंत्राच्या स्मृतीत साठत असते; ती भरली की डिस्कचा खरा वेग उघड होतो. साटा जोडणीची घनस्थिती डिस्क सेकंदाला ५५० मेगाबाइटपर्यंत, म्हणजे ४.४ गिगाबिट देते. अशा एकाच डिस्कच्या यंत्राला १० गिगाबिटचे कार्डही जास्तच होते. ४० गिगाबिटचा उपयोग करून घ्यायचा तर दोन्ही टोकांना एनव्हीएमई डिस्क किंवा अनेक डिस्कचा समूह हवा.

ड्रायव्हर आणि आधाराचा काळ

कनेक्टएक्स-३ चा एमएलएक्स४ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच समाविष्ट आहे, आणि घरगुती वापरासाठी बहुधा तोच सर्वांत सोयीचा ठरतो. मेलानॉक्सचा स्वतःचा ओएफईडी संच कनेक्टएक्स-३ साठी ४.९ या दीर्घकालीन आवृत्तीवर थांबला. पुढील आवृत्त्या कनेक्टएक्स-४ आणि त्यानंतरच्या, एमएलएक्स५ ड्रायव्हरच्या कार्डांसाठी आहेत. त्यामुळे नवे कर्नल असलेल्या प्रणालीवर उत्पादकाचा जुना संच बसवण्याचा अट्टहास बहुधा नुकसानीचाच ठरतो. फ्रीबीएसडीमध्येही या कार्डांचा ड्रायव्हर आहे. विंडोजमध्ये विनओएफ ही जुनी मालिका लागते. विनओएफ-२ या कार्डांना ओळखत नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीपर्यंत कनेक्टएक्स-३ चालत असे. २०२२ मध्ये आलेल्या ८ व्या आवृत्तीतून त्याचा ड्रायव्हर काढून टाकण्यात आला, आणि व्यवस्थित चालणारी कार्डे केवळ प्रणाली अद्ययावत केल्यामुळे दिसेनाशी झाली. या प्रणालीवर अवलंबून असलेल्यांना कनेक्टएक्स-४ एलएक्स सारखे पुढच्या पिढीचे कार्ड घेणे किंवा प्रॉक्समॉक्ससारख्या लिनक्सवर आधारित प्रणालीकडे वळणे, असे दोनच मार्ग उरले.

उत्पादकाने फर्मवेअर सुधारणे थांबवले की पुढे सापडणारे सुरक्षादोषही तसेच राहतात. म्हणून अशी कार्डे घराच्या आतील, साठवण-यंत्र आणि सर्व्हर यांच्यामधील जोडणीसाठी वापरावीत आणि इंटरनेटकडे तोंड असलेल्या यंत्राच्या बाहेरील पोर्टवर लावू नयेत. कार्डासोबत फर्मवेअरची संचिका, साधनांची चालणारी आवृत्ती आणि केलेल्या जुळण्यांची टिपणे स्वतःजवळ जतन करून ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मालकी बदलल्यावर उत्पादकांची संकेतस्थळे बदलतात आणि जुन्या उत्पादनांची पाने तेथून प्रथम नाहीशी होतात.